बोलीच्या पायरीवरून प्रमाण मराठीकडे

उरण तालुक्यातल्या आगरी-कोळी घरांतलं मूल पहिलीत येतं तेव्हा त्याला भाषा येत असते. गोष्ट सांगणं, भांडणं, हट्ट धरणं सगळं त्याला जमतं. फक्त 'ण'च्या जागी 'न' आणि 'ळ'च्या जागी 'ल' असतो. 'पानी' म्हटल्याबरोबर त्याला अशुद्ध ठरवणं हा अन्याय तर आहेच, शिवाय शिकवण्याची चूकही आहे. कानाला ओळखीचा शब्द अक्षरांत भेटतो तेव्हाच वाचनाची गोडी लागते. मुलांनी बोलीत सांगितलेल्या मासेमारीच्या, मिठागराच्या गोष्टी शिक्षकाने फळ्यावर लिहाव्यात, त्याच वाचायला द्याव्यात आणि तिथून हळूहळू प्रमाण मराठीकडे न्यावं. बोलीतच अडकवायचं, असा याचा अर्थ मुळीच नाही. परीक्षेची भाषा प्रत्येकाला आलीच पाहिजे.

पालक म्हणतील, १९८९ साली इथे न्हावा-शेवा बंदर सुरू झालं, तिथल्या नोकरीला इंग्रजी लागते, मग बोलीत वेळ का घालवायचा? चिंता खरी आहे, पण इंग्रजीसाठी घरची भाषा सोडावी लागत नाही. नायजेरियात १९७० साली सुरू झालेल्या इफे प्रकल्पात मुलांना प्राथमिक शाळेची सहा वर्षं योरुबा या त्यांच्या घरच्या भाषेतून शिकवलं, इंग्रजी स्वतंत्र विषय ठेवला. ती मुलं इंग्रजीतही मागे पडली नाहीत. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही शक्य तिथे किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिकवण्याचा आग्रह धरला आहे. उरणमध्ये त्यासाठी आधी बोली जाणणारे शिक्षक पहिली-दुसरीच्या वर्गांवर नेमावेत.