वस्तीवर पोलीसपट्टी नको, कमी केलेलीही नको

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पळसाचे झाड रोवले जाते, त्यावर झेंडा चढतो आणि मध्य प्रदेशातील पांढुर्णा व सावरगाव ही दोन काठांवरची गावे एकमेकांवर गोटे फेकू लागतात. हीच गोटमार. जमावबंदीचा हुकूम आधीच निघालेला असतो. बाहेरच्या ठाण्यांतून शेकडो पोलीस आणलेले असतात, रुग्णवाहिका काठावर उभ्या असतात. तरीही संध्याकाळपर्यंत शेकडो माणसे जखमी होतात. मग एक युक्तिवाद कानावर येतो: या बंदोबस्ताचा खर्च राज्याने का सोसावा? जे गाव गोटे मारते त्याच गावावर पोलीसपट्टी बसवा. मवाळ माणूस म्हणतो, पूर्ण नको, निम्मी बसवा. घरपट्टीसोबत थोडी रक्कम गेली तर कोणी मरत नाही.

मी गोटमारीचा समर्थक नाही. परंपरा म्हणून एखाद्या पोराचा डोळा जावा हे मला मान्य नाही. म्हणूनच या पट्टीच्या बाजूने बोलणाऱ्यांचे म्हणणे मी गंभीरपणे घेतो. मंडला-डिंडोरीचा गरीब माणूस मीठ-तेलावर जो कर भरतो, तो पांढुर्ण्याच्या हौसेसाठी का खर्च व्हावा, हा त्यांचा प्रश्न रास्त आहे. खिशाला चटका बसला की गावच गोटमार थांबवील, अशी त्यांची आशा आहे. मला ती आशा खोटी वाटते.

ही कल्पना नवी नाही. मध्य प्रदेशात आजही 1861 चाच पोलीस कायदा चालतो. 1857 चा उठाव मोडल्यावर परक्या सरकारने केलेला हा कायदा. त्याच्या कलम 15 नुसार एखादा भाग तेथील रहिवाशांच्या वर्तनामुळे अशांत असल्याचे सरकारने जाहीर केले, की तेथे जादा पोलीस ठेवून त्यांचा खर्च रहिवाशांकडून वसूल करता येतो. कोणाकडून किती घ्यायचे ते दंडाधिकारी ज्याच्या त्याच्या ऐपतीचा अंदाज करून ठरवतो. रहिवासी या शब्दात गावात न राहणारा, पण नोकरामार्फत जमीन कसून घेणारा मालकही धरला आहे. म्हणजे नागपुरात राहून सौंसर तालुक्यात संत्र्याची बाग राखणारा माणूससुद्धा यात येतो.

आता हे पांढुर्ण्याला लावून पाहा. ऐपतीवर वाटणी म्हटली की सर्वांत जास्त रक्कम त्या दिवशी दुकान बंद ठेवून घरात बसलेल्या व्यापाऱ्याकडून जाणार. ज्याने गोफणीने दगड मारला तो बहुतेक विशीतला मुलगा, ज्याच्या नावावर ना घर ना शेत. त्याच्या वाट्याला काहीच येणार नाही. त्याच्या विधवा आजीच्या घरावर मात्र काही रुपये बसतील. गुन्हा एकाचा आणि वसुली दुसऱ्याकडून, हा कर म्हणजे आळीला दिलेली शिक्षा आहे.

मराठी माणसाने ही शिक्षा भोगलेली आहे. 22 जून 1897 रोजी गणेशखिंडीच्या रस्त्यावर प्लेग अधिकारी रँडवर गोळी झाडली ती चाफेकर बंधूंनी. जादा पोलिसांचा भुर्दंड मात्र पुणे शहरावर बसला, प्लेगने आधीच पोळलेल्या शहरावर.

याहून बोलका दाखला गुजरातच्या बोरसदचा आहे. बाबर देवा नावाच्या दरोडेखोराला लोक आसरा देतात असे म्हणून मुंबई सरकारने 1923 मध्ये त्या तालुक्यावर जादा पोलिसांसाठी माणशी दोन रुपये सात आण्यांचा कर लावला. वल्लभभाई पटेलांनी चौकशी केली, तेव्हा लोकच दरोडेखोरांच्या आणि पोलिसांच्या कात्रीत सापडले होते, हे पुढे आले. एका दरोडेखोराला धरण्यासाठी पोलिसांनी दुसऱ्याला हाताशी धरले, हा आरोप पटेलांनी उघड मांडला. गावांनी कर नाकारला. जप्तीची माणसे आली की दारे बंद होत. जानेवारी 1924 मध्ये गव्हर्नर लेस्ली विल्सन यांनी कर मागे घेतला. बोरसदच्या लोकांनी सवलत मागितली नव्हती. दोन रुपये सात आण्यांचे सव्वा रुपया करा, असे ते म्हणाले असते तर दरोडेखोरांचे साथीदार असल्याचा कलंक स्वतःच्या हाताने कपाळी लावून घेतला असता. म्हणून निम्म्या पट्टीचा सल्ला देणाऱ्या मवाळ मित्रांशीच माझे जास्त भांडण आहे. रक्कम कमी झाली की विरोध मावळतो आणि तत्त्व कायम राहते. पुढच्या वर्षी रक्कम वाढवायला कोणाला विचारावे लागत नाही.

स्वातंत्र्यानंतर हे कलम मेले, असेही नाही. राजस्थानच्या झुंझुनू जिल्ह्यातील 24 गावांवर असेच जादा पोलीस बसवले गेले आणि हरिजन व मुसलमान रहिवाशांना खर्चातून सूट दिली गेली. ही सूट धर्म व जातीच्या आधारावर भेद करते म्हणून 1960 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द ठरवली. सरकारचा हेतू कदाचित गरिबांना वाचवण्याचा असेल. पण एकदा वस्ती दोषी धरली की मग निर्दोष कोण, हे जात पाहून ठरवायची वेळ येते. पांढुर्ण्यात ही यादी कोण करणार? सावरगावचा काठ किती आणि पांढुर्ण्याचा काठ किती, दोन्हीकडे सोयरीक असलेल्या घराचे काय?

आता खिशाला चटका बसला की गोटमार थांबेल, या आशेबद्दल. पट्टी भरली की माणसाच्या मनात उलटा हिशेब सुरू होतो: बंदोबस्ताचे पैसे आम्ही दिले आहेत, तर खेळ आमचा. आज जमावबंदी मोडणारा निदान कायदा मोडतो आहे, हे जाणतो. उद्या तो गिऱ्हाईक होईल.

कोणाकडूनच पोलिसांचा खर्च घेऊ नये, असे मात्र मी म्हणत नाही. याच कायद्याच्या कलम 13 मध्ये एखाद्याने स्वतःच्या कामासाठी अर्ज करून जादा पोलीस मागितले, तर खर्च त्याने द्यावा अशी तरतूद आहे. ती न्याय्य आहे, कारण मागणारा ओळखू येतो आणि फायदाही त्याचाच असतो. दुर्दैव असे की जेथे हे तत्त्व कडकपणे चालायला हवे, तेथेच सैल सोडले जाते. महाराष्ट्र शासनाने जून 2023 मध्ये मुंबईतील टी-20 क्रिकेट सामन्यांच्या बंदोबस्ताचा दर 70 लाखांवरून 10 लाखांवर आणला, तोही 2011 पासून मागील प्रभावाने. तिकिटे आणि जाहिराती विकून नफा करणाऱ्याला ही सूट, आणि जाम नदीकाठच्या भाडेकरूवर पट्टी! कपात करायची तर ती कोणाची, हे या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की कळते.

गावाने पोलिसाचा पगार देण्याची जुनी पद्धत आपल्या भागात होतीच. कोटवाराचे, म्हणजे गावच्या रखवालदाराचे, हक्क कास्तकारांकडून येत. सुगीला तो दारोदार धान्य मागत फिरे. रात्रभर गाव जागवणाऱ्या, जन्म-मृत्यूची आणि चोरीची खबर ठाण्याला देणाऱ्या माणसाला ज्याचे दाणे घेतले त्याच्याविरुद्ध खबर द्यायची हिंमत कशी होणार? 1959 च्या भू-राजस्व संहितेत कोटवाराची नेमणूक आणि मोबदला कायद्याच्या चौकटीत आला आणि आज शासन त्याला मानधन देते. ते तुटपुंजे आहे, वाढायला हवे. पण दिशा बरोबर आहे: रखवालदार गावाचा, पैसा राज्याचा. राज्यघटनेनेही पोलीस हा विषय राज्यसूचीत घातला आहे; संरक्षण आळीच्या ऐपतीवर अवलंबून राहू नये. आज पांढुर्ण्यावर पट्टी मान्य केली, तर उद्या जामसावळीच्या हनुमान मंदिरात शनिवारी गर्दी होते म्हणून त्या गावावर बसेल आणि परवा बोरगावच्या कारखान्यांपाशी संप झाला म्हणून कामगारांच्या चाळींवर.

पांढुर्णा आणि सौंसर मिळून 2023 मध्ये वेगळा जिल्हा झाला. जिल्ह्याने पट्टीऐवजी दुसरे काम हाती घ्यावे. त्या दिवशी नदीपात्राचे चित्रीकरण होते. त्यातले चेहरे ओळखून ज्याने गोफण चालवली, ज्याने ट्रॉलीभर गोटे आणून टाकले, त्याच्या नावाने खटला भरावा आणि दंड त्याच्याकडूनच घ्यावा. शांतता समितीच्या बैठकीला जखमींच्या घरच्या बायकांना बोलवावे. आणि भोपाळला आपल्या आमदारांमार्फत एकच मागणी जावी. सर्वोच्च न्यायालयाने 2006 मध्ये प्रकाश सिंह खटल्यात पोलीस सुधारणांचे आदेश दिले, तरी आपले राज्य 1861 च्याच कायद्यावर उभे आहे. नवा कायदा होईल तेव्हा त्यात कलम 15 सारखे काहीही असू नये. तोवर जाम नदीच्या बंदोबस्ताचे बिल राज्याच्या तिजोरीतूनच भरले जावे.