नायट्याचे औषध आणि प्रयोगशाळेची कसोटी

बिरवाडीच्या पंचक्रोशीत भातलावणी सुरू झाली की माणसे दिवसदिवस ओल्या कपड्यांत वावरतात आणि गजकर्ण बळावते. टर्बिनाफिनच्या काही आठवड्यांच्या उपचाराने पूर्वी हटणारा हा विकार आता पुष्कळदा महिनोन्‌महिने हटत नाही. यास बुरशीत झालेला पालटही कारणीभूत आहे. २०२० साली जपानमधील संशोधकांनी भारतीय व नेपाळी रुग्णांकडून मिळालेल्या बुरशीला ‘ट्रायकोफायटन इंडोटिनी’ हे नाव दिले. तिच्या अनेक वाणांना टर्बिनाफिन दाद लागू देत नाही. स्टेरॉइडमिश्रित मलमांनी खाज तेवढी दबते. रोग मात्र पसरत राहतो.

अशा वेळी कोणते औषध चालेल, हे अंदाजाने ठरवावे की परीक्षेने? परीक्षेच्या पद्धती अनेक आहेत. द्रवमाध्यमात औषधाच्या उतरत्या मात्रा ठेवून बुरशी कोठे थांबते ते पाहणे, ही प्रमाण पद्धत. तथापि अमेरिकी प्रमाणकानुसार हे वाचन चार दिवसांनी डोळ्यांनी होते, तर युरोपीय प्रमाणकानुसार पाच ते सात दिवसांनी यंत्राने. साहजिकच दोहोंचे आकडे सरसकट ताडून पाहता येत नाहीत. औषधी चकतीची पद्धत स्वस्त व सोपी आहे. परंतु २०१० सालचे तिचे अमेरिकी प्रमाणक गजकर्णाच्या बुरशांना लागूच नाही. औषधाची पट्टी वापरणे सुलभ असले तरी ती महाग पडते.

यावरून सोपी पद्धत टाकाऊ, असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. ठरावीक मात्रेत टर्बिनाफिन मिसळलेल्या माध्यमावर बुरशी वाढते की नाही, एवढे पाहण्याची सोय जिल्ह्याच्या ठिकाणी सहज करता येईल. जे नमुने तेथे वाढतील, ते प्रमाण पद्धतीच्या पडताळणीसाठी चंदिगढच्या पदव्युत्तर वैद्यकीय संस्थेतील कवकसंग्रहासारख्या केंद्राकडे धाडावेत. न वाढणाऱ्यांपैकीही काही नमुने अधूनमधून पाठवावेत, म्हणजे चाळणीची भोके कळतील. अचूकतेचा आग्रह योग्यच आहे. पण अचूक कसोटी दूरच्या शहरात आणि रुग्ण शेतात, अशी स्थिती राहिली तर तिचा उपयोग कोणाला?

मजुरीचे पैसे एकामागून एक मलमांवर घालवणाऱ्या शेतमजुराला आकड्यांचे सूक्ष्म भेद नकोत. आपल्याला दिलेले औषध चालणारे आहे की नाही, एवढेच त्याला हवे आहे. ते सांगणे हे सार्वजनिक आरोग्यव्यवस्थेचे कर्तव्य होय.