विश्लेषण : ऑटोमॅटिक की मॅन्युअल? आधी ठरवा, गाडी कोण चालवणार!

दसरा किंवा पाडवा जवळ आला की अनेक घरांत एक वाद रंगतो. मॉडेल ठरलेले असते, रंग ठरलेला असतो, कर्जाचा हप्ताही बसवून झालेला असतो. अडते ते एकाच गोष्टीवर : गिअरची गाडी घ्यायची की ऑटोमॅटिक? वडील म्हणतात, ‘गिअर टाकल्याशिवाय गाडी चालवल्यासारखे वाटत नाही.’ मुलगी म्हणते, ‘बाबा, हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये रोज क्लच मी दाबते.’ शोरूममधला सेल्समन म्हणतो, ‘सर, हल्ली सगळे ऑटोमॅटिकच घेतात.’

यातला सेल्समनचा मुद्दा बाजूला ठेवावा. सगळे काय घेतात यावरून आपल्या घरची गाडी ठरत नाही. ती तीन प्रश्नांवर ठरते : गाडी कोण चालवणार, कुठे चालवणार आणि ‘ऑटोमॅटिक’ म्हणून आपल्याला नेमके काय विकले जात आहे?

‘ऑटोमॅटिक’ म्हणजे नेमके काय?

पहिला घोळ इथेच होतो. ‘ऑटोमॅटिक’ हे एका यंत्राचे नाव नाही. या एका शब्दाखाली आपल्याकडे चार वेगवेगळे प्रकार विकले जातात.

एएमटी : हा सर्वांत स्वस्त प्रकार. आत साधा मॅन्युअल गिअरबॉक्सच असतो. फक्त क्लच दाबण्याचे आणि गिअर बदलण्याचे काम माणसाऐवजी यंत्रणा करते. २०१४ मध्ये मारुतीच्या सेलेरियोतून हा प्रकार भारतात आला आणि छोट्या गाड्यांमध्ये पसरला. इंधनाचा खर्च मॅन्युअलइतकाच. दोष एकच पण जाणवणारा : गिअर बदलताना गाडी क्षणभर थबकते आणि बसणाऱ्यांच्या माना हलतात.

टॉर्क कन्व्हर्टर : हा जुना, मुरलेला प्रकार. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यात तेलाच्या प्रवाहातून शक्ती पोहोचते. त्यामुळे गाडी मऊ चालते आणि चढावर, गर्दीत सहसा कुरकुरत नाही. इंधन मात्र थोडे जास्त लागते.

सीव्हीटी : यात ठरावीक गिअरच नसतात. दोन पुली आणि त्यांच्यावरचा पट्टा यांतून वेग अखंड बदलतो. शहरात याइतके सुखाचे काही नाही. पण अ‍ॅक्सिलरेटर जोरात दाबला, तर आधी इंजिनचा आवाज वाढतो आणि वेग मागाहून येतो.

डीसीटी : यात दोन क्लच असतात. एक गिअर चालू असतानाच पुढचा तयार असतो, म्हणून बदल झटकन होतो. महामार्गावर मजा येते. मात्र ज्यांचे क्लच कोरडे, म्हणजे तेलात न बुडालेले असतात, त्या गाड्यांत मुंगीच्या गतीने सरकणाऱ्या गर्दीत क्लच तापू शकतो. दुरुस्तीही महाग असते.

गंमत म्हणजे एकाच मॉडेलमध्ये यातले दोन-तीन प्रकार असू शकतात. २०२४ ची ह्युंदाई क्रेटा घ्या. साध्या पेट्रोल इंजिनाला सीव्हीटी पद्धतीचा गिअरबॉक्स, टर्बो पेट्रोलला डीसीटी आणि डिझेलला टॉर्क कन्व्हर्टर. तिन्हींच्या दारात ‘ऑटोमॅटिक’ असाच शब्द. म्हणून शोरूममध्ये पहिला प्रश्न ‘ऑटोमॅटिक आहे का?’ हा नसावा. ‘यातला कोणता?’ हा असावा.

पैशाचे गणित कसे मांडावे?

एएमटीसाठी मॅन्युअलपेक्षा साधारण ५० हजार रुपये जास्त मोजावे लागतात. बाकीच्या प्रकारांसाठी हा फरक एक लाखाच्या पुढे जातो. आकडा ऐकून माणूस दचकतो. पण तो महिन्यांत मोडून पाहावा.

समजा, गाडी आठ वर्षे वापरायची आहे आणि वर्षाला १० हजार किलोमीटर चालणार आहे. सव्वा लाख रुपये किमतीत जास्त गेले. मॅन्युअल लिटरला १६ किलोमीटर आणि ऑटोमॅटिक साडेचौदा देते असे धरले, तर वर्षाला सुमारे ६५ लिटर पेट्रोल जास्त लागेल, म्हणजे साधारण पावणेसात हजार रुपये. किंमत आणि इंधन मिळून हा जादा खर्च महिन्याला १,८०० ते १,९०० रुपयांच्या आसपास येतो. एएमटीसाठी हाच हिशेब महिन्याला ५००-५५० रुपयांवर थांबतो.

रोज दोन तास गर्दीत अडकणाऱ्याला ही रक्कम परवडणारी वाटेल. ज्याची गाडी महिन्यातून दोनदा बाहेर निघते, त्याला ती उधळपट्टी वाटेल. दोघेही आपापल्या जागी बरोबर आहेत.

हिशेबात न बसणारी गोष्ट

खरा मुद्दा मात्र या आकड्यांच्या पलीकडे आहे. अनेक घरांत वाहन परवाना तिघांकडे असतो, गाडी मात्र एकटाच चालवतो. बाकीच्यांचा परवाना पाकिटात ओळखपत्र म्हणून राहतो. कारण विचारले तर उत्तर ठरलेले : ‘चढावर गाडी मागे जाते’, ‘सिग्नलला बंद पडते आणि मागून हॉर्न सुरू होतात’. म्हणजे भीती गाडीची नसते, क्लचची असते. ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकलेले हात-पाय सरावाअभावी विसरतात आणि मग ‘तूच चालव’ हे कायमचे होऊन बसते.

ही अडचण एरवी चालून जाते. पण रात्री दोन वाजता घरातल्या एकमेव चालकाच्याच छातीत दुखू लागले तर? किंवा त्याचाच पाय प्लास्टरमध्ये असेल तर? दारात गाडी उभी असते आणि घरचे लोक मोबाइलवर टॅक्सी शोधत बसतात.

माझ्या मते ऑटोमॅटिकसाठी जास्तीचे पैसे मोजण्याचे सर्वांत भक्कम कारण हेच आहे. ती घरात दुसरा आणि तिसरा चालक तयार करते. गुडघेदुखीमुळे क्लच नकोसा झालेल्या साठीतल्या माणसाची गाडी आणखी काही वर्षे सुटत नाही. डाव्या पायात अधूपण असलेल्याला ती चालवणे सोपे जाते, कारण इथे कामाला उजवा पायच लागतो. त्यामुळे ऑटोमॅटिकला ‘आळशी माणसाची गाडी’ म्हणून हसणाऱ्यांनी आपल्या घरात किती परवाने नुसते पडून आहेत, ते एकदा मोजावे.

यालाच जोडून एक सावधगिरी. आपल्याकडे दुचाकीच्या परवान्यात गिअरची आणि बिनगिअरची असा भेद आहे. कारच्या परवान्यात तो नाही. ब्रिटनमध्ये ऑटोमॅटिकवर परीक्षा देणाऱ्याला मॅन्युअल चालवता येत नाही. आपल्याकडे कायदा अडवत नाही, म्हणून जबाबदारी आपली. नव्याने शिकणाऱ्याने आधी मॅन्युअल शिकावी, मग हवी ती चालवावी. अडीअडचणीला शेजाऱ्याची गाडी हाती आली, तर ती बहुधा गिअरचीच असते.

घाटात काय करायचे?

महाराष्ट्रात गाडी घेऊन घाट टाळता येत नाही. कोकणात उतरायचे तर ताम्हिणी, वरंधा, कुंभार्ली किंवा आंबोली. साताऱ्याकडे जायचे तर खंबाटकी. आणि ऑटोमॅटिक गाड्यांचे नवे मालक चुकतात ते नेमके घाट उतरताना.

सवयीने लिव्हर ‘डी’वर ठेवला जातो. उतारावर वेग वाढला की काही गाड्या स्वतःहून वरचा गिअर टाकतात. इंजिनाचा अडसर कमी होतो आणि सगळा भार ब्रेकवर येतो. सतत दाबलेले ब्रेक तापतात, जळका वास येतो आणि नेमके वळणावर ब्रेक कमी लागतो. जुने चालक सांगत, ज्या गिअरमध्ये घाट चढता, त्याच गिअरमध्ये उतरा. हा नियम ऑटोमॅटिकलाही लागू आहे. लिव्हरवर ‘एम’, ‘एल’, ‘एस’ किंवा ‘२’ असे काही ना काही लिहिलेले असते. काही गाड्यांत स्टिअरिंगमागे गिअर बदलण्याच्या पट्ट्या असतात. त्या शोभेच्या नाहीत. घाटमाथ्यावर पोहोचताच त्यांचा वापर सुरू करावा.

चढावर उलटी चूक होते. पुढे रांग लागली की काही जण ब्रेक न दाबता अ‍ॅक्सिलरेटरवर गाडी तोलून धरतात. एएमटी आणि डीसीटीत असे केले की क्लच तापतो आणि झिजतो. चढावर थांबायचे असेल तर ब्रेक किंवा हँडब्रेकच वापरावा. गाडी मागे सरकू न देणारी ‘हिल होल्ड’ सोय आहे का, हे एएमटी घेताना आवर्जून पाहावे.

आणखी दोन गोष्टी. बहुतेक एएमटी गाड्यांत ‘पी’, म्हणजे पार्किंगची जागाच नसते. उतारावर उभी करताना गाडी गिअरमध्येच ठेवून बंद करावी आणि हँडब्रेक पक्का ओढावा. न्यूट्रलमध्ये सोडू नये. दुसरे, ऑटोमॅटिकमध्ये डावा पाय विश्रांतीलाच ठेवावा. दोन्ही पाय वापरणारा घाईत ब्रेकऐवजी अ‍ॅक्सिलरेटर दाबतो आणि सोसायटीच्या पार्किंगमधली भिंत मध्ये येते.

मग मॅन्युअल कोणी घ्यावी?

मॅन्युअलचे दिवस संपले, असे अजिबात नाही. बजेट ताणलेले असेल, तर ऑटोमॅटिकसाठी एअरबॅग किंवा स्थिरता राखणारी ईएससी यंत्रणा असलेला प्रकार सोडू नये. सुरक्षा आधी, सोय नंतर. ज्यांचे बहुतेक फिरणे मोकळ्या रस्त्यावर आहे, त्यांना ऑटोमॅटिकचा फायदा थोडाच मिळतो.

खेडोपाडी राहणाऱ्यांसाठी आणखी एक कारण आहे. बॅटरी उतरली तर मॅन्युअल गाडी चार जणांनी धक्का मारून चालू होऊ शकते. ऑटोमॅटिकमध्ये तो मार्ग जवळपास बंदच. बंद पडलेली ऑटोमॅटिक दोरी बांधून ओढत नेणेही बहुतेकदा गिअरबॉक्सच्या मुळावर येते. ती उचलूनच न्यावी लागते. जवळचे सर्व्हिस सेंटर शंभर किलोमीटरवर असेल, तर हा विचार आधी करावा.

सीएनजीवाल्यांना मात्र आता मॅन्युअलशिवाय पर्याय नाही असे राहिलेले नाही. २०२४ मध्ये टाटाने टियागो आणि टिगोर एएमटीसह सीएनजीत आणल्या.

टेस्ट ड्राइव्ह कशी घ्यावी?

शोरूमवाले गाडी मोकळ्या रस्त्यावर फिरवून आणतात. तिथे प्रत्येक गाडी छान वाटते. आग्रह धरून ती सायंकाळच्या गर्दीत न्या. एखाद्या उड्डाणपुलाच्या चढावर थांबवून पुन्हा निघा. पुढच्या वाहनाला मागे टाकताना ती किती उशिरा प्रतिसाद देते, ते पाहा. दुपदरी रस्त्यावर समोरून ट्रक येत असताना हा एक क्षण महत्त्वाचा असतो. आणि मुख्य म्हणजे, घरात जो गाडी चालवायला घाबरतो, त्याला स्टिअरिंगवर बसवा. त्याचे मत सर्वांत मोलाचे.

थोडक्यात, रोजचा प्रवास शहरातला असेल आणि घरात परवाने पडून असतील, तर ऑटोमॅटिक घ्या. बजेट कमी असेल तर एएमटी, गर्दी जास्त असेल तर सीव्हीटी किंवा टॉर्क कन्व्हर्टर. रस्ता मोकळा, पैसा मोजका आणि चालक एकच असेल, तर मॅन्युअल निःशंक घ्या. विजेवरच्या गाड्यांत तर क्लच आणि गिअर बदलण्याचा प्रश्नच उरलेला नाही, त्यामुळे हा वाद काही वर्षांनी आपोआप मिटेलही. तोपर्यंत शोरूममध्ये जाताना एकच गोष्ट लक्षात ठेवा : गाडीची किल्ली घरात किती जणांच्या हातात जाणार आहे, ते आधी मोजा. गिअरचा निर्णय त्यानंतर सोपा होतो.