‘मुलगा पाहिजे’ आणि ३.२ टक्के

१६ जुलै २०२४ च्या मंगळवारी मुंबई विमानतळाच्या कलिना-सहार पट्ट्यात लोडरच्या नोकरीसाठी जी झुंबड उडाली, तिच्या चित्रफिती देशभर फिरल्या. एआय एअरपोर्ट सर्व्हिसेस या कंपनीने थेट मुलाखती ठेवल्या होत्या. जागा २,२१६, काम विमानात सामान चढवण्या-उतरवण्याचे, पगार महिना वीस ते पंचवीस हजारांच्या घरात. आलेल्यांचा आकडा बातम्यांनी २५ हजारांपर्यंत नेला. रेटारेटी इतकी वाढली की अखेर बायोडाटा ठेवा आणि घरी जा, असे सांगावे लागले. आता याच्या शेजारी दुसरा आकडा ठेवून पाहा. केंद्र सरकारच्या नियतकालिक श्रमबल सर्वेक्षणाचे २०२३-२४ चे वर्ष ३० जूनला, म्हणजे या गर्दीच्या जेमतेम सोळा दिवस आधी संपले. त्या वर्षाचा देशाचा बेरोजगारीचा दर निघाला ३.२ टक्के. काम करणाऱ्या किंवा काम शोधणाऱ्या शंभर माणसांत फक्त तीन रिकामी. ही तिघेच विमानतळावर आली होती काय, असा विनोद सोपा होता आणि तो झालाही. मला मात्र तो विनोद पटत नाही. दर खोटा नव्हता आणि गर्दीही खोटी नव्हती.

शेअर बाजारासारखीच रोजगाराच्या बाजारावर नजर ठेवण्याचीही अनेकांना हौस असते. पदवीच्या शेवटच्या वर्षातल्या मुलांचे आईबाप, क्लासवाले, निवृत्त बँकवाले, भाडेकरू शोधणारे फ्लॅटमालक असे बरेच जण पेपरातला टक्का वाचतात, रस्त्यावरची पाटी वाचतात आणि आपापले अनुमान काढतात. या हौशी मंडळींविषयी माझे एकच म्हणणे आहे. काम आहे की नाही, हा प्रश्न त्यांनी सरळ सोडून द्यावा. तो मोजायला लाखो घरांचे दरवाजे ठोठवावे लागतात आणि मोजून हाती येणारे उत्तरही आपल्यासारख्या देशात फारसे बोलके नसते. आपण बघायचे ते काम कोणत्या अटींवर मिळते आहे, हे. ती गोष्ट उघड्या डोळ्यांना दिसते आणि खरी हालचालही तिथेच असते.

आधी टक्का मुका का, ते पाहू. सर्वेक्षणाच्या ‘नेहमीच्या स्थिती’च्या हिशोबात वर्षभरात तीस दिवस एखादे जोडकाम केलेला माणूसही कामात धरला जातो. ‘चालू आठवड्याच्या स्थिती’त तर आठवड्यातल्या कोणत्याही दिवशी एक तास काम केले तरी पुरते. त्या दुसऱ्या मापाने २०२३-२४ चा दर ४.९ टक्के येतो, म्हणजे वर्ष तेच, माणसे तीच आणि दर दोन. यात लबाडी नाही. बेरोजगारीच्या अंदाजांचा विचार करण्यासाठी नेमलेल्या प्रा. एम. एल. दांतवाला समितीने १९७० सालीच सांगून ठेवले होते की आपल्याकडची श्रमशक्ती इतक्या तऱ्हांची आहे की तिची बेकारी एका आकड्यात कोंबू नये. पुढे १९७२-७३ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीपासून वेगवेगळी मापे रूढ झाली ती त्यातूनच. दांतवाला मुंबई विद्यापीठाच्या अर्थशास्त्र विभागाचे. तो विभाग आज कलिनाच्या विद्यानगरीत, रानडे भवनात आहे. ट्रॅफिक लागला नाही तर लोडरांच्या त्या रांगेपासून रिक्षाने अर्ध्या तासाच्या आत. एका आकड्यावर विसंबू नका हा सल्ला आपल्या सांताक्रूझच्या पिनकोडातला आहे म्हणायला हरकत नाही, पण मथळे आजही एकाच आकड्याचे होतात.

मुळात बेकार बसणे परवडावे लागते. आंतरराष्ट्रीय श्रम संघटना आणि दिल्लीची मानव विकास संस्था यांनी २०२४ मध्ये काढलेल्या भारताच्या रोजगार अहवालात २०२२ सालचे आकडे आहेत: पदवीधर तरुणांत बेरोजगारी २९.१ टक्के, आणि ज्यांना लिहिता-वाचता येत नाही अशा तरुणांत ३.४ टक्के. याचा अर्थ अंगठाबहाद्दरांची चंगळ आहे असा नव्हे. पदवीधराच्या मागे वडिलांचा पगार किंवा पेन्शन असते, डोक्यावर छप्पर असते, म्हणून तो ‘मनासारखे मिळेपर्यंत थांबतो’. निरक्षर मुलगा थांबला तर संध्याकाळी चूल पेटत नाही, म्हणून तो नाक्यावर उभा राहतो, बिगारी म्हणून जातो, चार दिवस हजेरी आणि तीन दिवस खाडा अशा हिशोबाने आठवडा काढतो, आणि सर्वेक्षणाच्या वहीत कामावर असतो. जुन्या गिरण्यांतला बदली कामगार आठवा. सकाळी पाळीच्या वेळी गेटवर जायचे, कायम कामगार गैरहजर असला तर आत, नाहीतर घरी. आजच्या मापाने तोही बेकार नव्हता. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले. त्यानंतर त्यांतल्या असंख्य घरांनी काही ना काही केलेच. कोणी वॉचमन झाला, कोणी भाजी विकू लागला, घरोघरच्या बायकांनी पोळ्या लाटून दिल्या. काम गेले आणि काम आलेही, पण कायमपणा, फंड, बोनस, ईएसआयचे कार्ड यांतले काहीच परत आले नाही. बेरोजगारीच्या दराकडे बघत बसलेल्याला मुंबईच्या कामगार इतिहासातली ही सर्वांत मोठी पडझड धड दिसलीसुद्धा नसती.

मग हौशी माणसाने बघायचे कुठे? दुकानाच्या शटरवर. सांताक्रूझला वाकोल्यात, गोळीबारला किंवा पश्चिमेला स्टेशनबाहेरच्या बाजारात चारी कोपऱ्यांना सेलोटेप लावलेला कागद असतो, त्यावर मार्करने लिहिलेले असते, ‘मुलगा पाहिजे. आत भेटा.’ यातला ‘मुलगा’ हा शब्द वय सांगत नाही, पगार सांगतो. चाळिशीचा गृहस्थही त्या पगारात मुलगाच असतो. या कागदावरून तेजी-मंदी ठरवणे मात्र धोक्याचे आहे. दुकान वाढते आहे म्हणून कागद लागतो, आणि आलेला माणूस महिन्याभरात पळतो म्हणूनही लागतो. दुरून दोन्ही कागद सारखेच दिसतात. फरक कळायचा तर तोच कागद पुन्हा पुन्हा वाचावा लागतो. सेलोटेप पिवळी पडली, शाई विटली आणि मजकूर जसाच्या तसा राहिला, तर मालकाला घाई नाही किंवा अटी बदलायची तयारी नाही. खरोखर माणसे मिळेनाशी झाली की आधी ‘अनुभवी’ हा शब्द गळतो, मग ‘राहण्या-जेवणाची सोय’ येते, ‘मुलगा’च्या पुढे तिरकी रेघ मारून ‘मुलगी’ येते, आणि सर्वांत शेवटी, अगदी नाइलाजाने, पगाराचा आकडा. सिक्युरिटी गार्डच्या जाहिरातीत बहुधा तासांचाही उल्लेख असतो, बारा तास ड्युटी. समजा, महिना १५ हजार, रोज बारा तास आणि सुट्टी नाही. भागाकार केला की तासाला ४२ रुपयांच्याही आत येतात. हा भागाकार पाटीवर कोणी लिहीत नाही, तो वाचणाऱ्याने करायचा. सहा महिन्यांनी त्याच पाटीवर तो पुन्हा केला की बाजार कोणाच्या बाजूला झुकला ते कळते.

यावर पहिला आक्षेप येईल तो असा की दहा-वीस शटरांवरून देशाबद्दल काय बोलणार? मान्य. पण मी टक्का काढायला सांगतच नाही. सर्वेक्षणाचा नमुना जानेवारी २०२५ पासून वाढवून सुमारे २ लाख ७२ हजार घरांचा केला आणि एप्रिल २०२५ पासूनचे आकडे दरमहा येऊ लागले, तरी त्यातून सांताक्रूझपुरते काही निघत नाही. निघावे तरी कसे? या बाजाराला वेस नाही. कलिनात राहणारी मुलगी बीकेसीत काम करते, विमानतळावरचा लोडर विरारहून येतो. खुद्द १९७३ चे सांताक्रूझ इलेक्ट्रॉनिक निर्यात क्षेत्र, म्हणजे आपले सीप्झ, नावाने सांताक्रूझचे आणि मुक्कामाने अंधेरीचे. शिवाय इलेक्ट्रॉनिकच्या नावाने उघडलेल्या त्या आवारात आज दागिने घडवणारे कारखाने भरपूर आहेत. ‘स्थानिक रोजगार किती’ याला म्हणूनच चोख उत्तर नाही. ‘या रस्त्यावर माणसाला कोणत्या बोलीवर ठेवतात’ याला आहे. पातळी सर्वेक्षणाने सांगावी, दिशा शटरने.

राष्ट्रीय आकडे वाचायचे तेही याच सवयीने. भविष्य निर्वाह निधी संघटना एप्रिल २०१८ पासून दरमहा नव्या सभासदांचे आकडे देते आणि ‘इतक्या लाख नोकऱ्या निर्माण झाल्या’ असा मथळा होतो. पण या निधीचा कायदा सर्वसाधारणपणे वीस माणसांच्या आस्थापनेला लागतो. एखाद्या कारखान्यात एकोणीस जण वर्षानुवर्षे राबताहेत आणि विसावा आला, तर वीस खाती उघडू शकतात. नवी नोकरी एकच, पण तक्त्यात वीस. त्याला फसवणूक म्हणू नये, कारण त्या एकोणीस जणांच्या अटी खरोखर सुधारल्या. म्हणजे हा तक्ता नोकऱ्यांच्या संख्येबद्दल कच्चा आणि अटींबद्दल पक्का आहे, आणि आपण तो नेमका उलटा वाचतो. शिवाय हे आकडे मागाहून दुरुस्त होतात. तो दोष फक्त आपल्याकडचा नाही. अमेरिकेत १ ऑगस्ट २०२५ ला मे-जूनच्या नोकऱ्यांचा अंदाज २ लाख ५८ हजारांनी खाली आणला गेला आणि ट्रम्प यांनी त्याच दिवशी श्रम सांख्यिकी विभागाच्या प्रमुखांना काढून टाकले. थर्मामीटर फोडून ताप उतरत नाही, हे वेगळे.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. अटी बघा म्हणणारे लोक शेवटी रडगाणेच गातात, असा तो. तसे असेलच असे नाही. त्याच श्रमबल सर्वेक्षणात आतल्या पानांवर एक आकडा असतो: शेतीबाहेरच्या नियमित पगारदारांपैकी किती जणांकडे नोकरीचा लेखी करार नाही. २०१७-१८ मध्ये हे प्रमाण ७१ टक्के होते, २०२३-२४ मध्ये ५८ वर आले. ही चांगली बातमी आहे, आणि ती मथळ्यात आलेली कोणाला आठवणार नाही. पण त्याच काळात एकूण काम करणाऱ्यांत नियमित पगारदारांचा वाटा २२.८ वरून २१.७ टक्क्यांवर घसरला आणि स्वयंरोजगाराचा ५२.२ वरून ५८.४ वर गेला. म्हणजे पगारी नोकरी थोडी नीटनेटकी झाली, पण तिच्या दारातून आत जाणाऱ्यांचे प्रमाण वाढले नाही. स्त्रियांचा श्रमातला सहभाग २३.३ वरून ४१.७ टक्क्यांवर गेल्याचा मोठा गाजावाजा झाला. त्यात घरच्या शेतीत किंवा धंद्यात बिनपगारी राबणाऱ्या बायकाही आहेत, हे सांगायला वक्ते विसरतात. अटींचा ताळेबंद दोन्ही बाजूंनी भरता येतो. एकट्या टक्क्यात जमेची बाजू कुठली आणि खर्चाची कुठली, हेच कळत नाही.

राहिली ती गर्दी. काहींनी म्हटले की एकच मुलगा दहा रांगांत उभा राहतो, आणि विमानतळाच्या नावाची भुरळ पडते, म्हणून रांग म्हणजे बेकारी नव्हे. अगदी बरोबर, रांग बेकारी मोजत नाही. मी तर म्हणतो, त्या रांगेतले पुष्कळ जण सर्वेक्षणाच्या हिशोबाने कामावरच असणार. कोणी डिलिव्हरी करत असेल, कोणी काकाच्या दुकानात बसत असेल. निती आयोगाने २०२२ च्या अहवालात डिलिव्हरीसारखी कामे करणाऱ्या गिग कामगारांची संख्या २०२०-२१ साठी ७७ लाख धरली होती. ही माणसे काम नाही म्हणून आली नाहीत, आहे ते काम सोडायला आली. आणि सोडून कुठे, तर ठरावीक मुदतीच्या कंत्राटावर बोजे उचलायला. पावसात दिवसभर उभे राहावे इतकी ती नोकरी मोलाची कशामुळे झाली? महिन्याच्या ठरलेल्या तारखेला ठरलेली रक्कम, फंड, गणवेश आणि छातीवर ओळखपत्र. हातातल्या कामात काय नाही याची ती यादी होती.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चारही श्रमसंहिता लागू झाल्या. त्यांत प्रत्येक कामगाराला नियुक्तिपत्र देण्याची तरतूद आहे आणि गिग कामगारांच्या सामाजिक सुरक्षेसाठी ॲपवाल्या कंपन्यांनी उलाढालीचा एक ते दोन टक्के वाटा द्यायचा आहे. लेखी कराराविना असलेल्या त्या ५८ टक्क्यांचे पुढे काय होते, ते सर्वेक्षणाच्या पुढच्या वार्षिक अहवालांत दिसेल. शटरवर ते आधी दिसायला हवे. तिथला मजकूर तूर्तास ‘आत भेटा’ एवढाच आहे.