परवान्याची चाचणी आणि उसाचा हंगाम

ऊसतोडीचा हंगाम दिवाळीच्या आगेमागे सुरू होतो आणि चैत्राच्या सुमारास संपतो. म्हणजे स्थूलमानाने सहा महिने. वाहन चालविण्याच्या शिकाऊ परवान्याची मुदतही सहा महिन्यांचीच आहे. या दोन गोष्टींचा परस्परांशी वरकरणी काही संबंध नाही. तथापि परभणी जिल्ह्याच्या नैर्ऋत्य कोपऱ्यातील सोनपेठ तालुक्यातून जो तरुण कोयता घेऊन वा उसाच्या ट्रॅक्टरबरोबर दूरच्या कारखान्यावर जातो, त्याच्या दृष्टीने हा योगायोग फार महागाचा आहे. दसऱ्याच्या सुमारास त्याने शिकाऊ परवाना काढला, तर पक्क्या परवान्याच्या चाचणीस बसण्यापूर्वी त्याला नियमानुसार किमान तीस दिवस थांबावे लागते. तोपर्यंत टोळी निघून गेलेली असते. तो परततो तेव्हा शिकाऊ परवाना संपलेला किंवा संपत आलेला असतो, आणि सारे पुन्हा पहिल्यापासून करावे लागते.

चाचणीची लवकरची तारीख कशी मिळवावी, हा प्रश्न म्हणूनच येथे केवळ सोयीचा नाही. तो सहा महिन्यांच्या रोजगाराचा प्रश्न आहे. पिकअप किंवा छोटे मालवाहू वाहन चालविणारा आणि ऊस तोडणारा यांच्या श्रमात आणि प्रतिष्ठेत जे अंतर आहे, ते खेड्यातील कोणासही समजावून सांगण्याची गरज नाही. साडेसात हजार किलोपर्यंतचे मालवाहू वाहन चालविण्यास हलक्या वाहनाचा परवाना पुरेसा आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये दिल्यापासून तर या एका कागदाचे मोल आणखीच वाढले आहे.

महाराष्ट्रात जून २०२१ पासून शिकाऊ परवान्याची परीक्षा आधारच्या साहाय्याने घरबसल्या देता येऊ लागली. ही सुधारणा स्वागतार्हच होती. पण तिचा एक परिणाम असा की, परवान्याच्या वाटेवरील पहिला दरवाजा रुंद झाला आणि दुसरा होता तेवढाच राहिला. वाहन प्रत्यक्ष चालवून दाखविण्याची चाचणी घरबसल्या होऊ शकत नाही. तिला मैदान लागते, निरीक्षक लागतो आणि दिवसाचे ठरावीक तास लागतात. एका निरीक्षकाकडून एका दिवसात किती चाचण्या प्रामाणिकपणे होतील, याला मर्यादा आहे. पुरवठा असा अडलेला आणि मागणी वाढती असली की वस्तूची किंमत चढते, हे अर्थशास्त्राचे पहिलेच सूत्र होय. सरकारने शुल्क बांधून ठेवले म्हणून किंमत चढत नाही असे नव्हे. ती निराळ्या रूपाने वसूल होते. कोणी ती प्रतीक्षेने चुकवतो, कोणी एजंटाला देऊन चुकवतो.

चाचणीचे शुल्क वाहनाच्या प्रत्येक प्रकारास ३०० रुपये आहे. २०२५-२६ या वर्षासाठी महाराष्ट्रातील रोजगार हमीची मजुरी दिवसाला ३१२ रुपये ठरली होती. सोनपेठहून परभणीच्या परिवहन कार्यालयात एस.टी.ने जाऊन येण्यात मजुराचा दिवस मोडतो. म्हणजे एका फेरीत तो शुल्क जणू दोनदा भरतो, शिवाय तिकीट वेगळे. चाचणी फसली तर किमान सात दिवसांनी पुन्हा तेच. तीनदा नापास झाल्यास साठ दिवस थांबण्याची तरतूद कायद्यातच आहे. दसऱ्याच्या तोंडावर साठ दिवस म्हणजे अख्खा हंगाम हातचा गेला.

येथेच एका गोष्टीकडे सहसा दुर्लक्ष होते. तारखेची टंचाई काही अंशी उमेदवारच निर्माण करतात. अपुऱ्या तयारीने आलेला माणूस स्वतः नापास होतोच, पण त्याच वेळी दुसऱ्या कोणाची तरी तारीख खातो. आणि पुढच्या वेळी पुन्हा आला की आणखी एकाची. तारीख घेऊन न येणारा तर जागा निव्वळ वाया घालवतो. ‘सारथी’ या सरकारी संगणक प्रणालीवर घेतलेली वेळ रद्द करण्याची सोय आहे. येणे जमणार नसेल तर ती दोन दिवस आधी सोडून देण्यास काही खर्च नाही, आणि सुटलेली वेळ दुसऱ्या कोणास मिळू शकते. ज्याला लवकरची तारीख हवी आहे त्याने अशा मोकळ्या झालेल्या जागांवर रोज नजर ठेवावी. दलालाचे कौशल्य पुष्कळदा एवढेच असते!

या व्याधीवर केवळ मागासपणाचा शिक्का मारून चालणार नाही. ब्रिटनसारख्या देशात चाचणीसाठी उमेदवारांना महिनोन्‌महिने ताटकळावे लागल्याने ६२ पौंड शुल्काची तारीख मध्यस्थ कितीतरी अधिक दराने विकू लागले. शुल्क गमवायचे नसेल तर तारीख रद्द करण्याची सूचना कामकाजाचे दहा दिवस आधी द्यावी, असा नियम तेथे एप्रिल २०२५ पासून करावा लागला. सोडलेली तारीख दुसऱ्याच्या उपयोगी पडावयाची तर ती वेळेवर सुटली पाहिजे, हे तिकडे अनुभवाने कळले.

कायद्याने उघडलेली एक वाट मात्र फारशी कोणास ठाऊक नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर उमेदवार ज्या राज्यात राहतो त्या राज्यातील कोणत्याही परवाना प्राधिकाऱ्याकडे अर्ज करू शकतो. परळीमार्गे अंबाजोगाईचे परिवहन कार्यालय सोनपेठच्या माणसाला अपरिचित नाही. परभणीची तारीख लांबत असेल तर अंबाजोगाईची पाहण्यास हरकत नसावी. जिल्ह्याची सीमा ही महसुलाची सोय आहे, ती रोजगाराची भिंत होण्याचे कारण नाही.

परवान्यावाचून चाललेच आहे की, असे म्हणणारेही गावोगाव भेटतात. चालते, हे खरे. अपघात होईपर्यंत चालते. २०१९ च्या दुरुस्तीने विनापरवाना वाहन चालविण्याचा दंड ५,००० रुपये केला, पण दंड हा या हिशेबातील लहान आकडा आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये स्वर्णसिंग प्रकरणात घालून दिलेल्या तत्त्वानुसार, चालकाकडे परवाना नसल्याचे विमा कंपनीने सिद्ध केले, तरी न्यायालय तिला बळीच्या वारसांना भरपाई द्यायला लावू शकते. ती रक्कम मग वाहनाच्या मालकाकडून वसूल होते. ट्रॅक्टर बापाच्या नावावर आणि चालविणारा मुलगा परवान्याविना, अशी स्थिती असेल तर ती वसुली कोठून होणार? दोन-चार एकर जमिनीवाचून दुसरे काय असते या घरांत!

तयारीचा विचारही याच हिशेबाने व्हावा. शेतातला ट्रॅक्टर लहानपणापासून हाकणाऱ्या मुलाला आपल्याला वाहन येते असे वाटते, आणि त्यात तथ्यही असते. परंतु निरीक्षक पाहतो ते निराळे: आरसा नीट लावणे, हाताने वा दिव्याने इशारा देणे, चढावर गाडी मागे न घसरू देता सुरू करणे, उलट दिशेने सरळ रेषेत नेणे, थांबविणे आणि लावणे. दुचाकीवर पाय न टेकता आठचा आकडा काढणे हे तर रोजच्या रस्त्यावर कधी करावेच लागत नाही. म्हणून ते मुद्दाम शिकावे लागते. चाचणीस नेण्याच्या वाहनाचे नोंदणीपत्र, विमा आणि प्रदूषण प्रमाणपत्र वैध आहे की नाही, ही साधी बाब आदल्या रात्री आठवते आणि मग उसन्या गाडीची शोधाशोध सुरू होते. अनोळखी क्लचवर चाचणी देणाऱ्याचे हात कापतात, यात नवल नाही.

तेव्हा शिकाऊ परवाना खरिपाच्या पेरण्या आटोपताच, आषाढात काढणे शहाणपणाचे. तीस दिवसांची अट श्रावणात संपते, आणि भाद्रपदात एकदा अपयश आले तरी टोळी निघण्यापूर्वी दुसरा, तिसरा प्रयत्न हाती राहतो. परिवहन खात्याच्या बाजूने पाहता, राज्यात तालुक्याच्या ठिकाणी ठरावीक दिवशी शिबिरे भरविण्याची पद्धत आहेच. ऊसतोडीच्या तालुक्यांसाठी ती वर्षभर समान वाटण्याऐवजी श्रावण ते अश्विन या तीन महिन्यांत दुप्पट करावीत आणि ऐन हंगामात, जेव्हा गावे ओस पडलेली असतात, तेव्हा कमी करावीत. यासाठी नवे निरीक्षक नेमावे लागत नाहीत. वर्षाचे वेळापत्रक आखताना कारखान्याच्या धुराड्याकडे एकदा पाहावे लागते, इतकेच.