बाहुली कोणाची आणि पैसा कोणाचा?

अमेरिकेतील काही कर्मठ ख्रिस्ती कुटुंबांत नऊ-दहा वर्षांच्या मुली घरी बाहुल्या शिवतात, बाहुल्यांचे झगे आणि टोपडी करतात, जुन्या बाहुल्या आणून, त्यांचे डाग काढून, केस विंचरून त्या नव्यासारख्या करतात आणि हा सारा माल इंटरनेटवरील दुकानांतून विकला जातो. ‘विकला जातो’ असे आम्ही जाणूनबुजून लिहिले आहे. कारण तो कोण विकतो, ह्या प्रश्नाचे उत्तर वाटते तितके सरळ नाही. एट्सी काय किंवा ईबे काय, ह्या बाजारांत अठरा वर्षांखालील मुलास स्वतःचे खाते उघडता येत नाही. खाते आईचे किंवा बापाचे, पैसा जमा होतो तो त्यांच्या नावावर, आणि छायाचित्रात सुईदोरा धरलेले हात मात्र मुलीचे! गिऱ्हाईकाला ते हात पाहून गहिवर येतो. तो खोटा असतो असे आम्ही म्हणत नाही. पण त्या गहिवराचीही बाजारात किंमत होते आणि ती किंमत कोणाच्या पदरात पडते, हे विचारणे गैर नव्हे.

ह्या घरांत बाहुली ही साधी वस्तू नाही. १९५९ साली बाजारात आलेली बार्बी त्यांना तिच्या तारुण्यामुळे आणि पेहरावामुळे वर्ज्य वाटते. १९८६ साली एका माजी शिक्षिकेने ‘अमेरिकन गर्ल’ ह्या बाहुल्यांचा व्यवसाय काढला. इतिहासकाळातील नऊ वर्षांची मुलगी, तिचा काळाबरहुकूम पोशाख आणि सोबत तिच्या गोष्टीचे पुस्तक, अशी ती कल्पना. अनेक धर्मनिष्ठ आयांना ती मनापासून आवडली. पण त्या कंपनीने मुलींच्या एका संस्थेस मदत केली आणि त्या संस्थेची गर्भपातविषयक मते सनातन्यांस रुचणारी नव्हती, म्हणून २००५ साली तिच्याविरुद्ध बहिष्काराची हाक दिली गेली. आमिश लोकांच्या जुन्या चालीच्या चिंध्यांच्या बाहुल्यांना तर नाक-डोळेच नसतात. मूर्ती करू नये ही धर्माज्ञा त्यामागे आहे, असे त्याचे कारण सांगतात. सारांश, मुलीच्या मांडीवर कोणती बाहुली असावी ह्यावरून ती पुढे कशी स्त्री होणार हे ठरते, अशी ह्या मंडळींची श्रद्धा आहे. ‘नीतिसूत्रे’ ह्या बायबलातील ग्रंथाच्या ३१ व्या अध्यायात सद्गुणी गृहिणीचे जे वर्णन आहे, तीत ती वस्त्रे तयार करून व्यापाऱ्यास देते असेही म्हटले आहे. तेव्हा मुलीने घरी बसून शिवावे आणि विकावे, ह्याला धर्मग्रंथाचाच आधार सापडतो. टेक्सासातील सॅन अँटोनियो येथे २०१३ पर्यंत ‘व्हिजन फोरम’ नावाची जी संस्था होती, तिची मुलांसाठी एक आणि मुलींसाठी एक अशी निराळी सूचीपत्रे निघत. आणि लग्न होईपर्यंत मुलीने बापाच्या छायेखाली राहून घरातील उद्योगास हातभार लावावा, हा विचार ह्याच वर्तुळात वाढला.

आता, मुलांनी हाताने काम करू नये असे म्हणणाऱ्यांपैकी आम्ही नाही. आम्ही काही वर्षे वर्गात खडू झिजविला आहे आणि व्यवहारी अपूर्णांक फळ्यावर न कळलेले मूल कापड बेतताना ते कसे पटकन उचलते हे पाहिले आहे. वर्धा येथे १९३७ साली गांधीजींनी जी मूलोद्योगाची शिक्षणपद्धती मांडली, तिचे मर्म हेच होते. परंतु त्याच वेळी त्या योजनेचा तपशील ठरविणाऱ्या झाकीर हुसेन समितीने एक इशाराही देऊन ठेवला होता, त्याचा आपल्याला विसर पडला. उद्योगातून होणाऱ्या मिळकतीकडेच लक्ष लागले तर त्यातील शिक्षण मागे पडेल, अशी भीती समितीने स्वतःच व्यक्त केली होती. चरखा मुलासाठी की मूल चरख्यासाठी, असा तो प्रश्न होता. बाहुलीच्या बाबतीत तो आज विचारावा लागतो. आपली बाहुली आपण शिवावी, दोन जास्त झाल्या तर विकाव्या, खर्चाची वही आपल्या हाताने लिहावी, गिऱ्हाइकाला शुद्ध भाषेत पत्र धाडावे. ह्यात नुकसान ते काय? दिवसभर पडद्याकडे डोळे लावून बसलेल्या मुलापेक्षा अशी मुलगी आम्हांस अधिक भाग्यवान वाटते. पण नाताळाच्या तोंडावर चाळीस बाहुल्यांची मागणी आली, की त्या रात्री दिवा किती वाजता मालवायचा, हे कोण ठरवितो?

बाप ठरवितो, आणि नेमकी येथेच अडचण सुरू होते. शाळेत जाणाऱ्या मुलास बाप असतो, मास्तर असतो, पुढे कधी काळी मालक असतो, धर्मोपदेशकही असतो. हे चौघे चार ठिकाणी असतात आणि एकाने अन्याय केला तर दुसऱ्याच्या दृष्टीस तो पडण्याचा संभव असतो. घरीच शिकणाऱ्या, घरीच प्रार्थना करणाऱ्या आणि घरीच कमावणाऱ्या मुलीच्या बाबतीत हे चौघे एकच मनुष्य असतात. तो मनुष्य बहुधा सज्जन असतो, हे आम्ही मोकळेपणाने मान्य करतो. परंतु सज्जनपणा गृहीत धरून कायदे करावयाचे असते, तर कायद्यांची गरजच नव्हती. घरी शिकविण्याची मुभा अमेरिकेतील सर्व पन्नास राज्यांत १९९३ च्या सुमारास मिळालेली होती. न्यू यॉर्कसारख्या राज्यात अशा पालकांस दर तिमाहीस अहवाल द्यावा लागतो. उलट टेक्सास, ओक्लाहोमा, आयडाहो येथे आपण मुलास घरी शिकवीत आहोत एवढे कळविण्याचेही बंधन नाही. ह्याच देशाने २००८ साली बालकांच्या वस्तूंसंबंधी कडक कायदा केला. त्यानुसार बारा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी केलेल्या बाहुलीत शिशाचे प्रमाण किती असावे ह्याला मर्यादा आहे, आणि ती कोणी, कोठे व केव्हा केली हे कळावे म्हणून तिच्यावर खूण असावी लागते. घरगुती कारागिरांस चाचण्यांत काही सवलत पुढे मिळाली, पण खुणेतून सुटका नाही. म्हणजे बाहुलीची नोंद आहे. ती शिवणाऱ्या मुलीचे नाव मात्र शाळेच्या कोणत्याही पटावर नसले तरी चालते!

ह्यावर उत्तर ठरलेले आहे. मुले आमची, धर्म आमचा, घर आमचे. सरकारने उंबऱ्याबाहेर राहावे. हे उत्तर नवे नाही आणि अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ते एकदा नीट ऐकून घेतले आहे. १९४१ च्या डिसेंबरात मॅसॅच्युसेट्समधील ब्रॉक्टन गावी एक स्त्री आपल्या नऊ वर्षांच्या भाचीस घेऊन रात्री पावणेनऊच्या सुमारास रस्त्यावर उभी होती. दोघीही यहोवाच्या साक्षीदारांच्या पंथाच्या. हातात पंथाची मासिके. पाच सेंट द्या आणि घ्या. मुलीलाही हे आपले धर्मकर्तव्य वाटत होते. तिच्यावर कोणी जबरदस्ती केली होती असे नव्हे. शाळेच्या हजेरीवर देखरेख करणाऱ्या एका अधिकाऱ्याने त्यांना हटकले, बालमजुरीच्या कायद्याखाली खटला झाला आणि १९४४ साली सर्वोच्च न्यायालयाने त्या स्त्रीची शिक्षा कायम केली. आईबापांनी स्वतः खुशाल हुतात्मे व्हावे. पण जे मूल अजून स्वतःचा निर्णय घेण्याच्या वयास आलेले नाही त्याला हुतात्मा करण्याचा अधिकार त्यांना नाही, असा त्या निकालाचा आशय होता. धर्मस्वातंत्र्याविषयी इतक्या जागरूक देशात हा निकाल झाला, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. त्या निकालाविषयी मतभेद असू शकतील. पाच सेंटांचे मासिक देणे म्हणजे मजुरी काय, असेही कोणी म्हणेल. परंतु त्या खटल्यातील एक गोष्ट आम्हांस निकालाहून महत्त्वाची वाटते. ती मुलगी रस्त्यावर होती, म्हणून कोणाला तरी दिसली. रात्रीचे पावणेनऊ वाजले आहेत आणि हे लेकरू अजून बाहेर का, असे विचारणारा एक मनुष्य तेथून जात होता. आजचा रस्ता घरातील जेवणाच्या मेजावरून जातो. त्या रस्त्याने गिऱ्हाइके येतात. हजेरीचा अधिकारी येत नाही.

कायदा ह्याबाबत मुका आहे असेही नाही. १९३८ च्या केंद्रीय श्रमकायद्याने आईबापांनी स्वतःच्या मुलास कामास लावण्याची मोकळीक दिली, पण वस्तूंचे उत्पादन आणि खाणी ह्यांना त्या मोकळिकीतून वगळले. बाहुली शिवून विकणे हे उत्पादन की खेळ? शब्दाकडे पाहिले तर उत्पादन. पण मेजाखालची चिंध्यांची टोपली तपासावयास जाणार कोण? दुसरीकडे करविषयक कायदा ह्याच कामाला चक्क नोकरी मानतो. आईबापांच्या खाजगी धंद्यात अठरा वर्षांखालील मुलास पगार दिला तर तो धंद्याचा खर्च म्हणून वजा करता येतो आणि त्यावर सामाजिक सुरक्षेचा करही पडत नाही. तेव्हा कर वाचवावयाचा असेल तर मुलगी नोकर, आणि श्रमकायदा पुढे आला तर ती बापाच्या पायाशी खेळणारे लेकरू! दोन्ही सोयी एकाच वेळी मिळाव्या, हे न्यायास धरून नाही.

आणि मिळालेला पैसा? अज्ञान मुलाच्या श्रमावर आणि कमाईवर आईबापांचा हक्क, हे इंग्लंडातून आलेले जुने तत्त्व अमेरिकेत अजून पुष्कळ ठिकाणी उभे आहे. चार्ली चॅप्लिनच्या ‘द किड’ ह्या १९२१ च्या बोलपटापूर्वीच्या चित्रपटात ज्याने जगाला रडविले, त्या जॅकी कूगनने लहानपणी लाखो डॉलर मिळविले. मोठा झाल्यावर पाहतो तो आई आणि सावत्र बाप ह्यांनी ते बहुतेक उडवून टाकलेले. त्याने १९३८ साली दावा लावला आणि त्याच्या हाती त्यातला लहानसा अंश लागला. त्यातून १९३९ साली कॅलिफोर्नियाचा कायदा झाला; आज त्यानुसार बालनटाच्या मिळकतीतील पंधरा टक्के रक्कम त्याच्यासाठी अलग ठेवावी लागते. बाहुलीच्या दुकानास हे लागू नाही. ह्या पैशाचे महत्त्व आकड्याने मोजू नये. अठराव्या वर्षी ज्या मुलीजवळ शाळेचा दाखला नाही, घराबाहेरची ओळख नाही आणि स्वतःच्या नावावर कवडी नाही, तिला बापाचे घर सोडता येत नाही. राहावयाचे असेल तर आनंदाने राहावे, पण ते राहणे तिच्या इच्छेचे आहे की निरुपायाचे, हे तिलाही सांगता येणार नाही. हे भय काल्पनिक म्हणावे तर मुलाला त्याची ओळख सिद्ध करणारी कागदपत्रे देण्यास आईबापांनी नकार देणे हा गुन्हा आहे, असा कायदा टेक्सासला २०१५ साली करावा लागला.

१९७२ साली विस्कॉन्सिनमधील आमिश पालकांनी आठवीपुढे मुलांस शाळेत न पाठविण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयात मिळविला, तेव्हा न्यायमूर्ती डग्लस ह्यांनी एक वेगळा सूर लावला होता: मुलांना काय वाटते हे त्यांनाच विचारा. त्यांचे म्हणणे त्या वेळी मागे पडले. बाहुल्यांच्या बाबतीत ते अमलात आणणे मुळीच कठीण नाही. घराबाहेरच्या एखाद्या शिक्षकाने वर्षातून एकदा त्या मुलीशी आईबापांच्या गैरहजेरीत तासभर बोलावे, आणि तिच्या कामातून आलेल्या पैशाचा ठराविक हिस्सा तिच्या नावाने अलग पडावा. ह्यात धर्मावर कोठला आघात होतो, हे आम्हांस तरी दिसत नाही.

दुसऱ्यांच्या घरची ही चर्चा आम्ही का करावी, असे कोणी विचारील. तर त्याने आपल्या १९८६ च्या बालकामगार कायद्यातील २०१६ ची दुरुस्ती वाचावी. चौदा वर्षांखालील मुलास शाळेनंतर व सुटीत कुटुंबाच्या उद्योगात मदत करण्यास तीत मोकळीक आहे, काम धोक्याचे मात्र नसावे. आणि कुटुंब म्हणजे केवळ आईबाप व भावंडे नव्हेत, तर काका, आत्या, मामा, मावशीही. आपल्याकडे घरबसल्या दागिने, कंदील, आकाशदिवे आणि बाहुल्या करून विकण्याची सोय मोबाइलने दारोदार नेली आहे. ‘शाळेनंतर’ म्हणजे रात्री किती वाजेपर्यंत, हे कोण पाहणार, ह्याचे उत्तर आपल्याजवळ तरी आहे काय?

इलिनॉय राज्याने १ जुलै २०२४ पासून एक पाऊल टाकले आहे. आईबापांच्या चित्रफितींत जी मुले वरचेवर दाखविली जातात, त्यांच्या वाट्याचा पैसा त्यांच्यासाठी राखून ठेवण्याची सक्ती तेथे झाली. मूल पडद्यावर किती वेळ होते, ह्यावरून तो वाटा ठरतो. आता एखादी मुलगी बाहुली शिवताना चित्रफितीत दिसली, तर तिच्या दिसण्याचा हिशेब ह्या कायद्यात बसू शकेल. तिच्या शिवण्याचा बसणार नाही. ती दुरुस्ती कोण सुचवितो, ह्याची आम्ही वाट पाहत आहोत.