विश्लेषण : मंडेलांच्या पक्षाचे बहुमत गेले, दक्षिण आफ्रिकेच्या राजकारणाचे पुढे काय?

वर्णद्वेषी राजवट संपवणाऱ्या आफ्रिकन नॅशनल काँग्रेसला (एएनसी) २९ मे २०२४ रोजी झालेल्या निवडणुकीत मतदारांनी प्रथमच बहुमत नाकारले. ३० वर्षांच्या एकहाती सत्तेनंतर देश आघाडीच्या राजकारणात शिरला. या निकालाने काय बदलले?

निकाल काय सांगतो?

२००४ मध्ये जवळपास ७० टक्के मते मिळवणारी एएनसी २०१९ मध्ये ५७.५ टक्क्यांवर आणि २०२४ मध्ये ४०.१८ टक्क्यांवर आली. ४०० जागांच्या नॅशनल असेंब्लीत तिला १५९ जागा मिळाल्या. डेमोक्रॅटिक अलायन्सला (डीए) ८७, तर माजी अध्यक्ष जेकब झुमा यांच्या जेमतेम सहा महिन्यांच्या एमके पक्षाला ५८ जागा मिळाल्या. एएनसीची मोठी पडझड झुमांनीच केली. क्वाझुलू-नाताल प्रांतात त्यांचा पक्ष पहिल्या क्रमांकावर गेला.

मतदार का रुसले?

स्वातंत्र्यलढ्याची पुण्याई कायम पुरत नाही. काम शोधणाऱ्या दर तिघांपैकी जवळपास एकाला काम नाही. लोडशेडिंगने घरे आणि कारखाने वर्षानुवर्षे हैराण झाले. झुमांच्या काळात गुप्ता बंधूंनी सरकारी कंपन्यांमध्ये केलेल्या शिरकावावर न्या. रेमंड झोंडो आयोगाने ठपका ठेवला. १९९४ नंतर जन्मलेल्या पिढीने वर्णद्वेषी राजवट पाहिलेली नाही. तिने पाहिले ते हेच सरकार.

सरकार कसे बनले?

तिथे अध्यक्षाची निवड असेंब्ली करते आणि निकालानंतर १४ दिवसांत तिची पहिली बैठक व्हावी लागते. या मुदतीत एएनसीने कडव्या प्रतिस्पर्धी डीएसह इतर पक्षांशी समझोता केला. १४ जूनला सिरिल रामाफोसा यांनी ज्युलियस मालेमा यांचा २८३ विरुद्ध ४४ मतांनी पराभव केला.

बहुमत गेल्याने फरक काय पडला?

फेब्रुवारी २०२५ मध्ये मूल्यवर्धित कर १५ वरून १७ टक्के करण्याचा प्रस्ताव होता. डीएने विरोध केला आणि अर्थसंकल्पाचे भाषणच ऐनवेळी पुढे ढकलावे लागले. पुढे अर्ध्या टक्क्याची वाढही मागे घ्यावी लागली. पूर्वी पक्षात ठरले की संसदेत मंजूर, असा शिरस्ता होता. आता अर्थमंत्र्याला मित्रपक्षांना पटवावे लागते. कारभार यामुळे संथ होतो, हे खरे; पण सामान्यांच्या खिशात हात घालण्यापूर्वी सरकारला दोनदा विचार करावा लागणे हा तोटा नव्हे.

खरी कसोटी कोणती?

मुक्तिलढ्यातून आलेले पक्ष सत्ता सहजी सोडत नाहीत. शेजारच्या झिम्बाब्वेने ते अनुभवले आहे. एएनसीने मात्र निकाल मान्य केला. झुमांच्या पक्षाने गैरप्रकारांचा आरोप करत पहिल्या बैठकीवर बहिष्कार टाकला, तरी संसदीय प्रक्रिया थांबली नाही. हे या लोकशाहीचे मोठे यश आहे.

चिंता आहे ती मतदानाच्या आकड्याची. १९९९ मध्ये नोंदणीकृत मतदारांपैकी सुमारे ८९ टक्के केंद्रांवर आले होते. २०२४ मध्ये ५९ टक्क्यांहूनही कमी. एएनसीवर रुसलेले अनेक जण दुसऱ्या पक्षाकडे न जाता घरीच बसले. आघाडी सरकारला त्यांच्यासाठी रोजगार आणि वीज देता आली नाही, तर पुढच्या वेळी एका पक्षावरचाच नव्हे, तर मतपेटीवरचाही विश्वास उडेल.